ओंजळीला इंग्रजीत काय म्हणतात? – आडवाटेच्या इंग्रजी शब्दांचा धागा

मुळाक्षर:

ओंजळ इंग्रजीत सांगायची तर तीन-चार शब्दांची मोळी बांधावी लागते असा सर्वसाधारण समज आहे. पण स्कॉटलंडकडच्या इंग्रजीत त्याला 'गाउपन' असा सरळ एक शब्द आहे. दोन्ही तळवे जोडून होणारा खळगाही गाउपन आणि त्यात मावेल तेवढं धान्यही गाउपनच. आपली ओंजळ तंतोतंत, दोन्ही अर्थांनी. हा शब्द आता सहसा विसरणार नाही, कारण तो ठेवायला तुमच्या डोक्यात कोनाडा आधीच होता.

धागा काढायचं कारण तेच. 'रोज दहा अवघड शब्द' छापाच्या याद्या आठवड्याभरात वाहून जातात, कारण त्यांतले शब्द नुसते हवेत लोंबकळत असतात. शिवाय त्या वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात. अबेट, अबेयन्स, अब्जुअर, ॲब्रोगेट हे एकाच दिवशी पाठ केले की चौथ्या दिवशी चौघांचा काला होतो. आपल्याकडे कल्पना आणि तिचं मराठी नाव दोन्ही आहेत, आणि फक्त इंग्रजी नाव हवं आहे, अशा ठिकाणापासून सुरुवात करून बघा.

नमुन्यादाखल काही:

आळोखेपिळोखे म्हणजे पॅन्डिक्युलेशन. जांभई देत अंग ताणणं, माणसाचं किंवा मांजराचं. लॅटिनमधल्या 'ताणणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला.

अंगावर मुंग्या चालल्याचा भास म्हणजे फॉर्मिकेशन. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. वैद्यकीय शब्द आहे आणि उच्चारताना 'म'चा 'न' झाला तर अर्थाचा अनर्थ होतो, तेव्हा जपून. पाय आखडल्यावर येतात त्या मुंग्यांना मात्र रोजच्या बोलण्यात 'पिन्स अँड नीडल्स'च म्हणतात.

पोटातली गुडगुड म्हणजे बॉर्बरिग्मस. ग्रीक लोकांनी आवाजावरूनच बनवलेला शब्द, जसा आपला गुडगुड. अनेकवचन बॉर्बरिग्माय.

नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली पन्हळ ती फिल्ट्रम. दोन भुवयांमधली सपाट जागा ती ग्लबेला, मूळ अर्थ गुळगुळीत, केस नसलेली. नखाच्या बुडाशी दिसणारा पांढुरका अर्धचंद्र तो लून्यूला, म्हणजे छोटा चंद्र. वीत म्हणजे स्पॅन, जुन्या हिशेबाने 9 इंच.

कुणाकडे अजून अशा जोड्या असतील तर टाका. फक्त शब्द टाकू नका, तो कुठे वापरतात आणि कुठे वापरत नाहीत तेही लिहा.

–

टाकसाळ:

धागा चांगला, पण आधी एक मोजमाप. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी 2006मध्ये मांडलेला हिशेब असा: कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचताना 98 टक्के शब्द ओळखीचे असायला हवे असतील, म्हणजे पन्नासांत एखादाच अडणारा, तर 8,000 ते 9,000 शब्दकुळं यावी लागतात. बोललेलं समजायला 6,000 ते 7,000. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी पिलावळ.

आपण कुठे आहोत हे बघायला नेशन आणि बेग्लर यांची 'व्होकॅब्युलरी साइझ टेस्ट' जालावर फुकट मिळते. 140 प्रश्न, बरोबर आलेल्यांना 100ने गुणा, तो तुमचा आकडा. अंदाजपंचे खुणा करू नका, फुगलेला आकडा हाती येतो. 6,000च्या खाली असाल तर गाउपन आणि ग्लबेला ही चैन आहे. रिलक्टंट, अन्डरमाइन, प्लॉझिबल, टेन्टेटिव्ह असले मधल्या फळीतले शब्द आधी पक्के करा, कारण ते दर पानावर भेटतात. विद्यापीठातल्या वाचनासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची 570 शब्दकुळांची यादी आजही उपयोगी पडते.

आणि मुळाक्षर, एक दुरुस्ती. वर्णानुक्रमाने घेऊ नये हे खरंच, पण एकाच विषयाचे शब्द एका दमात घेणंही तितकंच वाईट. फिल्ट्रम, ग्लबेला, लून्यूला एकाच दिवशी घेतले तर कुठलं नाकाखालचं आणि कुठलं नखाचं हे पुढच्या आठवड्यात गोल गोल फिरायला लागेल. एक आज, दुसरा चार दिवसांनी, तिसरा पुढच्या आठवड्यात.

–

मुळाक्षर:

मान्य. वरची यादी घाऊक पाठ करण्यासाठी नाही, तिच्यातून एखादा उचला.

–

पोफळी:

स्वयंपाकघरातून सुरुवात केली तर 'बॅड' या एका शब्दावर किती भार टाकतो आपण ते कळतं. दूध बॅड, तेल बॅड, ब्रेड बॅड. मराठीत असं कुणी म्हणत नाही.

तेल, तूप, सुकं खोबरं, शेंगदाणे खवट होतात. त्याला रॅन्सिड. हा शब्द स्निग्ध पदार्थांचा, दुधाला लावू नका. दूध नासलं की ते 'कर्डल' झालं किंवा नुसतं 'ऑफ' झालं. मुद्दाम लिंबू पिळून फाडलं तरी क्रियापद कर्डलच. पोळी-ब्रेड शिळा म्हणजे स्टेल. पण स्टेलमध्ये कोरडेपणा आणि कडकपणा अभिप्रेत आहे, तेव्हा रात्रीच्या आमटीला स्टेल म्हणणं इंग्रजी कानाला चमत्कारिक लागतं. ती लेफ्टओव्हर. खराब झालेल्या अंड्याला ॲडल्ड, आणि हाच शब्द भंजाळलेल्या डोक्यालाही लागतो. बंद कपाटाचा कुबट वास तो मस्टी. विहिरीचं मचूळ पाणी ते ब्रॅकिश. खाडीचं पाणीही ब्रॅकिश, कारण खारं आणि गोडं यांच्या मधली चव असाच त्याचा अर्थ.

आता चवीचं. तुरट या चवीला बहुतेक जण इंग्रजीत काहीतरी 'सावर-बिटर' सांगून वेळ मारून नेतात. शब्द आहे ॲस्ट्रिन्जंट. लॅटिनमधल्या 'आवळून बांधणे' या क्रियापदावरून. कच्चं केळं, जांभूळ, हिरडा तोंडात धरून बघा, जीभ आणि गालाची आतली बाजू खरोखर आवळते. दाढी झाल्यावर न्हावी तुरटीचा खडा फिरवतो, तेही ॲस्ट्रिन्जंटच. तुरटीने कातडी आवळते, बारीक कापलेल्या जागेचं रक्त थांबतं. रक्त थांबवण्याच्या या गुणाला वेगळा शब्द आहे, स्टिप्टिक. एका खड्यात दोन शब्द बसले.

धुराचा घशाला झोंबणारा वास ॲक्रिड. मोहरी, लसूण, हिंग यांचा तो पन्जंट. पन्जंट वास हवाहवासा असू शकतो, ॲक्रिड नाही.

–

घाटावरचा:

टाकसाळ, रोज किती शब्द घ्यावेत आणि कुठे लिहावेत? वहीत लिहिले की वही राहते आणि शब्द जातात.

–

टाकसाळ:

वहीचा दोष असा की उघडली की शब्द आणि अर्थ शेजारी शेजारी दिसतात. डोळा दोन्हीवरून फिरतो आणि 'येतंय की' असं वाटतं. येत नसतं, ओळखीचं वाटत असतं. आठवायचा ताण पडला तरच टिकतं. म्हणून चिठ्ठ्या, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. कागदाच्या करा नाहीतर ॲपवर.

कागदाची पद्धत 1972मध्ये सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने लोकप्रिय केली. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करायचे. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने बघायचा. आठवलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. अर्धवट आठवलं तर ते चुकलेलंच धरा. इथे स्वतःला सवलत दिली की पुढचं सगळं गणित बिघडतं.

ॲप म्हटलं तर 'अंकी'. नाव जपानी आहे, अर्थ पाठांतर. त्यात दिवसाला 20 नव्या चिठ्ठ्या आधीच ठरवून दिलेल्या असतात. तो आकडा पहिल्याच दिवशी 5वर आणा. 20 नव्या म्हणजे महिन्याभरात रोजची उजळणी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. मग एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी चारशे चिठ्ठ्या समोर येतात आणि ॲप कायमचं बंद होतं. बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. 5 नव्या ठेवल्या तर उजळणी चाळीस-पन्नासावर थांबते, दहा मिनिटांत उरकते. आठवड्याला सहा दिवस धरले तरी वर्षाला पंधराशे होतात. पुष्कळ झाले.

एखादी चिठ्ठी आठ वेळा चुकली की अंकी तिच्यावर 'लीच' असा शिक्का मारतं आणि सेटिंग तसं असेल तर ती बाजूलाही काढतं. लीच म्हणजे जळू. वेळ शोषणारी चिठ्ठी. ती परत जशीच्या तशी आत ढकलू नका. बहुतेक वेळा दोष चिठ्ठीच्या मांडणीत असतो.

चिठ्ठी कशी असावी तेही सांगतो. पुढच्या बाजूला 'ॲक्रिड' आणि मागे 'उग्र' ही सगळ्यात वाईट चिठ्ठी. उग्र तर हिंगही असतो. त्याऐवजी पुढे इंग्रजी वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी रेघ, बाजूला मराठीत प्रसंग: 'टायर जाळल्यावर घशाला झोंबणारा धूर, पहिलं अक्षर ए'. मागे शब्द, आघात (म्हणजे उच्चारातला जोर) कुठे आहे ते, आणि सोबतीला येणारे दोन शब्द: स्मोक, फ्यूम्स. पहिलं अक्षर दिलं नाही तर 'पन्जंट'ही डोक्यात येतो आणि आपण बरोबर की चूक याचाच घोळ होतो.

–

कातरवेळ:

मराठी माणसाला एक चोरवाट फुकट मिळालेली आहे, तिच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. संस्कृत आणि लॅटिन एकाच घरातल्या. तत्सम शब्द जितके ठाऊक तितकी इंग्रजीची वरची पायरी सोपी.

आजानुबाहू माहीत आहे ना? ज्याचे हात जानूपर्यंत, म्हणजे गुडघ्यापर्यंत पोचतात तो. लॅटिनमध्ये गुडघा 'गेनू'. त्यावरून जेन्युफ्लेक्ट, गुडघा टेकवून वंदन करणे. चर्चमध्ये शब्दशः, एरवी लाळघोटेपणा दाखवायला उपरोधाने.

अग्नी आणि लॅटिन 'इग्निस'. इग्नियस रॉक म्हणजे अग्निजन्य खडक, सह्याद्रीचा बसाल्ट त्यातलाच. शाळेच्या भूगोलात दोन्ही शब्द भेटले असतील, नातं कुणी सांगितलं नसेल.

बैलाच्या मानेवरचं जू, संस्कृत युग, इंग्रजी योक आणि लॅटिन 'युगुम' हे सगळे सख्खे. सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणे. कॉन्जुगल म्हणजे दांपत्याचं, एका जुवाला जुंपलेल्यांचं. आपल्याकडेही लग्नाच्या गाड्याला दोघं जुंपतातच.

मृत आणि लॅटिन 'मोरी', म्हणजे मरणे. मॉरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेला, पण हा शब्द माणसापेक्षा संस्था, परंपरा, बंद पडत आलेला उद्योग यांना जास्त शोभतो.

एक नियम तर कायम खिशात ठेवण्यासारखा आहे. संस्कृतमध्ये शब्दारंभी 'स्व' असेल तिथे लॅटिनमध्ये बरेचदा 'सो' सापडतो. स्वप्न–सोम्नुस, स्वसृ–सोरोर, स्वन–सोनुस. त्यावरून सॉम्नोलंट, पेंगुळलेला. सोम्नॅम्ब्युलिस्ट, झोपेत चालणारा. सोरॉरिटी, भगिनीमंडळ. सनॉरस, घुमणारा, भरदार, बहुधा आवाजाबद्दल.

तसंच पेट्रिकोर. पहिल्या पावसाचा मातीचा वास. यातला 'पेट्रा' म्हणजे दगड, आणि आपला 'प्रस्तर' तोच.

–

खडूस_मास्तर:

कातरवेळ, शेवटचं काढून टाका. प्रस्तर हा स्तृ धातूवरून, पसरणे या अर्थी. त्याचं नातं आहे ते स्ट्रेटम (थर) आणि स्ट्रू (विखुरणे) या इंग्रजी शब्दांशी. ग्रीक पेट्राशी नाही. पेट्रिकोर हा मुळात जुना शब्दही नाही. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964मध्ये 'नेचर'मधल्या लेखासाठी तो घडवला. पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. कनौजला मातीचं अत्तर काढतात, तो धंदा मात्र या शब्दाच्या कितीतरी आधीचा.

नुसत्या आवाजाच्या साम्यावर नातं जोडायला गेलं की असं होतं. बदनाम, बदफैली यांतला 'बद' फारसी. त्याचा आवाज आणि अर्थ दोन्ही इंग्रजी 'बॅड'शी जुळतात, आणि तरीही दोघांचा काडीचा संबंध नाही. निव्वळ योगायोग. नातं असेल तर ध्वनींची अदलाबदल एका रांगेत, पुन्हा पुन्हा दिसते, जशी तुमच्या स्व–सो जोडीत दिसते. तो नियम उत्तम आहे.

–

कातरवेळ:

चूक कबूल. पेट्रिकोर ठेवतो, प्रस्तर मागे घेतो. त्या निमित्ताने स्ट्रेटम मिळाला.

–

पोफळी:

आपल्याकडून तिकडे गेलेले शब्दही आडवाटेचेच की. मुंगुसाचं मॉन्गूस झालं ते मराठीतून. अनेकवचन मॉन्गूसेस. गूसचं गीस होतं म्हणून याचं मॉन्गीस करू नका, हंसाशी मुंगुसाचं काही देणंघेणं नाही. डंगरीज ही जाड कापडाची विजार मुंबईच्या डोंगरीची. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव आधी, कपड्याचं नंतर.

आणि नाशिकजवळची देवळाली! तिथे गोऱ्या सैनिकांचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे खितपत पडायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने त्यांचं डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे ताप. आता नुसतं 'डूलॅली' म्हणतात. ब्रिटिश, घरगुती, थोडा जुनाट शब्द. अमेरिकन माणसाला कळेलच असं नाही आणि कचेरीच्या पत्रात तर मुळीच नको.

असल्या शब्दांसाठी हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 1886चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश चाळा, जालावर आहे.

–

घाटावरचा:

मग 'पॉश'ही इकडचाच ना? विलायत ते मुंबई बोटीच्या प्रवासात जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची सावलीची खोली मिळायची, तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची चार आद्याक्षरं छापायचे, त्यावरून.

–

खडूस_मास्तर:

गोष्ट सुरेख आहे आणि खोटी आहे. तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. ढोबळ नियम असा धरा: एखादा जुना इंग्रजी शब्द आद्याक्षरं जोडून झाला असं कुणी सांगितलं की संशय घ्या. आद्याक्षरांचे शब्द करण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. 'टिप'बद्दलची तसली व्युत्पत्तीही बनावट.

कोशही चुकतात म्हणा. वेब्स्टरच्या 1934च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला गेला, अर्थ दिला घनता. प्रत्यक्षात ती टाचणातली नोंद होती, 'मोठा डी किंवा छोटा डी', घनतेचं संक्षिप्त रूप. 'किंवा'साठीच्या इंग्रजी शब्दासकट सगळी अक्षरं एकत्र चिकटली आणि शब्द जन्माला आला. 1939मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की याला व्युत्पत्तीच दिलेली नाही.

आता उच्चार. वाचून शब्द मिळवणाऱ्यांची खरी फजिती इथे होते. इपिटमी चार अक्षरी आहे, एपिटोम नव्हे. हायपर्बली, हायपरबोल नव्हे. अराय, ऑरी नव्हे, कारण तो 'राय' म्हणजे वाकडा याला लागलेला उपसर्ग आहे. आरोप ठेवणे या अर्थाचा इन्डाइट, त्यात सी दिसतो पण तो मुका. बोटी लागतात तो बंदराचा धक्का या अर्थाचा 'की', लिहितात मात्र क्यू घालून. शिधासामग्री ती व्हिटल्झ, लिहिलेलं वाचाल तर विक्च्युअल्स म्हणून मोकळे व्हाल. एका विषयावरून दुसऱ्यावर अलगद सरकणे म्हणजे सेग्वे.

यापेक्षा मोठी अडचण आघाताची. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्द बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जातच नाही. इंग्रजीत जोर सरकला की स्वरही बदलतात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर. त्याचंच पुढे फटॉग्रफी होतं, जोर 'टॉ'वर, आणि पहिला 'फो' आक्रसून 'फ' होतो. पुढे फोटग्रॅफिक, जोर 'ग्रॅ'वर. देवनागरीत तिन्ही ठिकाणी 'फोटोग्राफ' तसंच ठेवून शेपूट जोडलं की समोरचा 'काय?' म्हणतो.

नियम एकच लक्षात ठेवा. शेवटी इक, इटी किंवा शन असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर. सेरेन्डिपिटीत 'डि'वर, क्युरिऑसिटीत 'ऑ'वर. कॅथलिक, पॉलिटिक्स, अरिथ्मटिक यांसारखे काही अपवाद आहेत, ते पाठ करा.

सेरेन्डिपिटी आलाच आहे तर, हा हॉरेस वॉलपोलने 28 जानेवारी 1754च्या पत्रात घडवला. सेरेन्डिप म्हणजे श्रीलंका, अरबी सरनदीब, आणि त्याच्या मुळाशी आपलं सिंहलद्वीप.

–

मुळाक्षर:

देवनागरीत लिहितोय तर स्पेलिंग कसं शोधायचं असं एकाने निरोपात विचारलं आहे. ग्रीक वळणाचा शब्द असेल तर 'फ'साठी पीएच आणि 'क'साठी सीएच करून बघा, पेट्रिकोरमध्ये सीएचच आहे. सुरुवातीचा 'स' कधी पीएस असतो, पी मुका. पानांमधून वाऱ्याची सळसळ या अर्थाचा 'सिथ्युरिझम' तुम्हाला एसखाली सापडणार नाही. तो हौशी लोकांतच जास्त फिरतो. लिखाणात 'सुसरस' किंवा 'सुसरेशन' बरा, पानं आणि कुजबुज दोन्हींना चालतो.

–

खडूस_मास्तर:

फसवे शब्द राहिले. यांचा अर्थ तुम्हाला 'माहीत आहे' असं वाटतं, म्हणून कोश उघडलाच जात नाही.

नॉइसम याचा नॉइझशी संबंध नाही. तो अनॉयच्या कुळातला, अर्थ किळसवाणा, दुर्गंधीचा. नाल्याचा वास नॉइसम, लाउडस्पीकर नाही. बिम्यूझ्ड म्हणजे गोंधळलेला, अम्यूझ्ड नव्हे. डिसइन्टरेस्टेड म्हणजे ज्याचा त्यात स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष. पंच डिसइन्टरेस्टेड असावा, अनइन्टरेस्टेड असू नये. इनॉर्मिटी काळजीपूर्वक लिहिणारे घोर दुष्कृत्यासाठी ठेवतात, आकारासाठी नाही. 'इनॉर्मिटी ऑफ युवर सक्सेस' लिहिलंत तर अभिनंदनाऐवजी आरोप होईल. नॉनप्लस्ड ब्रिटनमध्ये भांबावून निरुत्तर झालेला, आणि अमेरिकेत बरेच लोक तो नेमका उलट, ढिम्म या अर्थी वापरतात. असा शब्द वाचताना समजून घ्यावा, लिहिताना टाळावा.

पेनल्टिमेट म्हणजे 'अल्टिमेटच्याही वरचा' असं जाहिरातवाल्यांना वाटतं. तो आहे उपान्त्य, शेवटून दुसरा. वर्तमानपत्रात उपांत्यपूर्व फेरी वाचता तो शब्द इंग्रजीत तसाच आहे, ॲन्टिपेनल्टिमेट. फक्त तिकडे क्रीडावार्ताहर तो वापरत नाहीत.

–

टाकसाळ:

फसवणूक अर्थात असते तशी सोबतीतही असते. इन्क्लेमंट हा शब्द हवामानाला चिकटलेला आहे. 'इन्क्लेमंट बॉस' व्याकरणाने ठीक, कानाला विचित्र. शब्द कुणाच्या संगतीत राहतो हे बघायला मार्क डेव्हिस यांचा अमेरिकन इंग्रजीचा संग्रह 'कोका' आहे, एक अब्जाहून जास्त शब्दांचा. शब्द टाका, मागचे-पुढचे शब्द मोजून मिळतात. नवा शब्द लिहिण्याआधी तिथली निदान दहा वाक्यं वाचा. दहांत तुमच्यासारखा वापर एकदाही दिसला नाही तर तो वापर सोडून द्या.

समानार्थी शब्दांच्या कोशातून नुसता 'भारी' पर्याय उचलला की काय होतं ते कंजूषपणावर बघा. काटकसरी माणूस थ्रिफ्टी किंवा फ्रूगल, ही स्तुती. चिक्कू माणूस स्टिन्जी, त्याच्याही पुढचा कवडीचुंबक तो माइझर्ली. पार्सिमोनियस हा माइझर्लीचा सुशिक्षित भाऊ, लेखी भाषेतला, दूषणच. पण विज्ञानात 'पार्सिमनी' हा गुण आहे, कमीत कमी गृहीतकांत काम भागवणे. संस्कृत व्याकरणातलं लाघव ते हेच, अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरण पुत्रजन्माचा आनंद मानतात ते. पेन्यूरियसला दोन अर्थ, कंजूष आणि दरिद्री, आणि संदर्भावाचून कुठला ते कळत नाही. आता अर्जात 'आय ॲम पार्सिमोनियस' लिहिणाऱ्याला काटकसरी म्हणायचं असतं, वाचणाऱ्याला मख्खीचूस दिसतो.

–

घाटावरचा:

परदेशात पुढच्या शिक्षणासाठी देतात त्या जीआरई परीक्षेसाठी साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करणं अजून लागतं का?

–

टाकसाळ:

विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न ऑगस्ट 2011मध्येच गेले. सप्टेंबर 2023पासून परीक्षा आखूड झाली, भाषेच्या विभागात 41 मिनिटांत 27 प्रश्न. त्यांत उताऱ्यांचे असतात, आणि उरलेले वाक्यातली गाळलेली जागा भरण्याचे. तिथे शब्दाचा नुसता अर्थ पुरत नाही, वाक्याचा रोख कुठे वळतो ते कळावं लागतं. हजारभर नीट निवडलेले शब्द, चिठ्ठीवर वाक्यासह, हे साडेतीन हजार कोरड्या अर्थांपेक्षा कामाचं. सहा महिने हाताशी असतील तर दिवसाला सात-आठ नवे. दोनच महिने असतील तर यादी अर्धी करा, वेग दुप्पट करू नका.

–

कातरवेळ:

उलट दिशेने शोधायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. 1857ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. मराठी शब्द टाकला की एका शब्दावर भागत नाही, दहा-पंधरा इंग्रजी छटा पुढ्यात येतात. मात्र ते इंग्रजी पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आहे. तिथे मिळालेला शब्द आधी आजच्या कोशात बघायचा. नावासमोर 'आर्केइक' किंवा 'डेटेड' असेल तर वाचनापुरता ठेवायचा.

–

पोफळी:

मोल्सवर्थ असो वा कोका, 'उष्टं' कुठे बसत नाही हो. कुणाला सापडलाय? 'ऑर्ट' म्हणून एक शब्द आहे म्हणतात.

–

मुळाक्षर:

ऑर्ट म्हणजे जेवल्यावर ताटात उरलेला तुकडा. ते आपलं फार तर खरकटं किंवा शितं. शिवाय शब्द इतका जुना झालाय की आता बहुधा इंग्रजी शब्दकोड्यांतच भेटतो. उष्ट्यात तोंड लागल्याची जी गोष्ट आहे ती ऑर्टमध्ये नाही. कुणाच्या बशीतून घास उचलताना इंग्रजीत 'मी यातलं खाल्लंय, चालेल ना?' असं पूर्ण वाक्यच म्हणावं लागतं.